एक ट्रॉली माती, सत्तावीस वर्षे

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद होती म्हणून आम्ही गावी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर चाचा आम्हाला रानात घेऊन गेले. त्यांचा सातवीतला नातूही मागे लागला. बांधावर उभे राहून चाचांनी डावीकडच्या तुकड्याकडे बोट दाखवले.

"इथली माती सात वर्षांपूर्वी वीटभट्टीला दिली होती. आता तो भट्टीवाला राहिलेला एकर मागतोय. फक्त एक फूट काढणार म्हणतो. पैसे रोख."

ईदनंतर चाचांच्या धाकट्या मुलीचा निकाह ठरलेला आहे. पैशांची गरज कशासाठी, हे विचारण्याचे कारणच नव्हते. आम्ही त्या तुकड्याकडे पाहिले. शेजारच्या रानात कपाशी कमरेला लागत होती, इथे ती गुडघ्यापर्यंतही आली नव्हती. मध्ये मध्ये मुरूम उघडा पडला होता.

चाचा म्हणाले, "यंदा पीक हलके आहे, मान्य. पण माती काय, पुन्हा तयार होतेच की. अजून चार-सहा पावसाळे गेले की जमीन पहिल्यासारखी होईल. तू मास्तर आहेस, बेटा. तूच सांग, किती दिवस लागतील?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. मुलांना विज्ञान शिकवताना 'माती तयार होण्यास दीर्घ काळ लागतो' हे वाक्य आम्ही अनेकदा फळ्यावर लिहिले आहे. पण दीर्घ म्हणजे किती? आणि ते कळते कसे? चाचांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना निसर्गातला वेळ शास्त्रज्ञ कसा मोजतात याचा विचार आम्ही पुन्हा एकदा केला. तोच वाचक बंधु-भगिनींपुढे ठेवत आहोत.

पाहायचे किती वेळ?

आपल्या घरातल्या बायका हे शास्त्र रोज वापरतात. दुधाला विरजण लावून पाच मिनिटांनी झाकण उघडले, तर दही लागत नाही असेच वाटेल. फोडणी टाकून अर्ध्या तासाने पाहायला गेलो, तर मोहरी कशी तडतडते ते कधीच दिसणार नाही, फक्त जळका वास येईल. दह्याला रात्र द्यावी लागते, फोडणीला क्षण, आणि कैरीच्या लोणच्याला काही आठवडे. कोणत्या गोष्टीकडे किती वेळाने पाहायचे हे ठाऊक असेल तरच ती समजते.

निसर्गाचा अभ्यास करणारा माणूस सर्वांत आधी हेच ठरवतो. पावसाचा टपोरा थेंब ताशी सुमारे तीस किलोमीटर वेगाने उघड्या मातीवर आदळतो आणि मातीचे कण उडवतो. हे पाहायला सेकंदाचाही भाग टिपणारा कॅमेरा लागतो. काळ्या रानाच्या भेगा उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसात मिटतात. त्यासाठी वर्षभराच्या नोंदी हव्यात. खडकाची माती होताना पाहायची असेल, तर माणसाचे आयुष्य पुरत नाही. तिथे दुसरी युक्ती करावी लागते.

वेळेचा तुकडा चुकीचा निवडला तर हिशेब किती फसतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कोणी फक्त तो एक दिवस मोजून त्याला ३६५ ने गुणले, तर मुंबईत वर्षाला ३४४ मीटर पाऊस पडतो असे उत्तर येईल! खरा आकडा दोन-अडीच मीटरच्या आसपास असतो. आणि कोणी मे महिन्यातला एखादा कोरडा दिवस मोजून गुणले, तर उत्तर येईल शून्य. दोघांचे मोजमाप बरोबर, गुणाकारही बरोबर. चूक आहे ती वेळेच्या निवडीत. म्हणून एका दिवसाच्या, एका पुराच्या किंवा एका दुष्काळाच्या नोंदीवरून शास्त्रज्ञ हजार वर्षांची गोष्ट सांगत नाहीत.

वाळूवरून वेळ वाचणारे

जे आपण होताना पाहू शकत नाही, ते मागे काय खुणा सोडते ते पाहायचे, ही ती दुसरी युक्ती. हजार वर्षांपूर्वीच्या दोन मुस्लिम विद्वानांनी ती वापरली होती.

अल्-बिरूनी हे गझनीच्या दरबारातले विद्वान. हिंदुस्थानावरचा त्यांचा ग्रंथ सुमारे १०३० सालचा आहे. उत्तरेच्या मैदानात जमीन खणली की कोणते दगड सापडतात याकडे त्यांनी लक्ष दिले. डोंगरांजवळ, जिथे नद्या जोरात वाहतात, तिथे दगड मोठे आणि गोल. पुढे नद्या संथ होतात तिथे ते लहान. मुखाजवळ, समुद्राच्या आसपास, नुसती बारीक वाळू. यावरून त्यांनी असा अर्थ काढला की हा प्रदेश कधी काळी समुद्र असावा आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने तो हळूहळू भरत गेला असावा. मैदान भरताना कोणी पाहिले नव्हते. पण दगडांच्या आकारात तो सगळा प्रवास लिहिलेला होता.

त्यांचेच समकालीन इब्न सीना यांना आपण हकीम म्हणून ओळखतो. 'किताब अश्-शिफा' या ग्रंथात त्यांनी डोंगरांविषयीही लिहिले आहे. काही जमीन वर उचलली जाते, आणि पाणी तिचा मऊ भाग कोरून नेते, कठीण भाग उभा राहतो. अशा कामाला फार मोठा काळ लागतो, हेही त्यांनी नोंदवले.

पुढे अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये जेम्स हटन यांना शेती करता करता एक कोडे पडले. पाऊस पडला की रानातली माती चरातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि शेवटी समुद्रात जाते. हे सदैव चालू आहे, तर जमिनीवर अजून माती शिल्लक कशी? म्हणजे कुठेतरी खडक झिजून नवी माती बनत असली पाहिजे आणि समुद्रतळाचा गाळ दगड होऊन पुन्हा वर येत असला पाहिजे. हे सगळे इतके सावकाश की माणसाला जमीन स्थिर वाटते. १७८५ साली त्यांनी हा विचार एडिंबरोच्या विद्वानांपुढे मांडला. आज भूशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव पहिल्या ओळीत घेतले जाते. त्यांचा प्रश्न मात्र आपल्या कुठल्याही शेतकऱ्याला पडावा असा साधा होता.

एकोणतीस वर्षांनी खणलेला चर

खुणा वाचण्याखेरीज तिसरा मार्ग आहे तो सबुरीचा. डिसेंबर १८४२ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विन यांनी आपल्या घराजवळच्या कुरणात पांढऱ्या खडूचे तुकडे पसरवले. गांडुळे खालची माती वर आणतात, त्यामुळे वर टाकलेली वस्तू हळूहळू खाली जाते, असा त्यांचा अंदाज होता. तो तपासायला त्यांनी वाट पाहिली. किती? एकोणतीस वर्षे. नोव्हेंबर १८७१ मध्ये चर खणला तेव्हा पांढरी रेघ पृष्ठभागापासून सात इंच खाली दिसली. खडू टाकताना ते तेहेतीस वर्षांचे होते, चर खणताना बासष्टचे.

इतके दुर्बळ, इतके लहान प्राणी एवढे काम करूच शकणार नाहीत, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला होता. पण वर्षाला पाव इंच म्हणजे डोळ्यांना काहीच नाही, आणि एकोणतीस वर्षांत सात इंच म्हणजे नांगराच्या तासाएवढे.

याच इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाचे शेती संशोधन केंद्र आहे. तिथल्या एका रानात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग सुरू आहे. काही पट्ट्यांना शेणखत, काहींना रासायनिक खत, तर एकाला तेव्हापासून काहीच नाही. ज्यांनी तो सुरू केला ते कधीच गेले, त्यांच्यानंतरच्याही पिढ्या गेल्या, प्रयोग चालू आहे. वेळोवेळी काढलेले मातीचे आणि धान्याचे नमुने बरण्यांमध्ये जपून ठेवले आहेत. शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय अंश एका हंगामात वाढला नाही; तो अनेक दशके थोडा थोडा वाढत गेला. दोन-तीन वर्षांत प्रयोग गुंडाळला असता, तर शेणखताने जमिनीत विशेष फरक पडत नाही असेच कोणी लिहून ठेवले असते.

इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. गांडुळांनी एकोणतीस वर्षांत सात इंच माती वर आणली, म्हणजे सात इंच नवी माती तयार केली असे नाही. असलेली माती त्यांनी खालची वर केली. माती उलटीपालटी होणे हे एक काम आणि खडकापासून माती होणे हे दुसरे. जागा एकच, पण दोन्हींची घड्याळे वेगळी.

दगडातले घड्याळ

चाचांच्या रानाखाली मुरूम आहे आणि मुरुमाखाली काळा दगड. हा दगड महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली पसरलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला, थरावर थर साचले. सह्याद्रीच्या कड्यांवर पायऱ्यांसारखे दिसतात ते हेच थर.

हे वय कसे कळले? सोनाराकडचा काटा आणि उसाच्या गाड्या तोलणारा वजनकाटा, दोन्ही वजनच करतात. पण सोन्याची अंगठी उसाच्या काट्यावर ठेवून उपयोग नाही. वेळेचेही तसेच. काही मूलद्रव्ये ठरावीक गतीने आपोआप बदलत असतात, म्हणून ती घड्याळासारखी वापरता येतात. कार्बनचा एक प्रकार ५,७३० वर्षांत निम्मा होतो. जुने लाकूड, हाडे, कापड यांचे वय त्यावरून सांगता येते, पण साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंतच. त्यापलीकडे मोजण्याइतका तो उरतच नाही. दख्खनच्या दगडासाठी पोटॅशियमचा एक प्रकार उपयोगी पडतो. त्याला निम्मे व्हायला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. जितकी गोष्ट जुनी, तितके संथ घड्याळ.

हे आम्ही चाचांच्या नातवाला सांगत होतो, तेव्हा त्याने मध्येच विचारले, "दगड एवढा जुना आहे, तर माती मैलभर खोल का नाही?"

प्रश्न ऐकून आम्ही खूश झालो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते की दोन ते तीन सेंटीमीटर, म्हणजे सुमारे इंचभर माती तयार व्हायला हजार वर्षांपर्यंत काळ लागू शकतो. हा सर्व जागी सारखा आकडा नव्हे; ऊन, पाऊस, उतार आणि दगड यांप्रमाणे तो बदलतो. तरी आम्ही त्याला गुणाकार करायला लावला. हजार वर्षांत एक इंच, तर ६ कोटी ६० लाख वर्षांत ६६,००० इंच, म्हणजे साडेपाच हजार फूट! मैलापेक्षा जास्त. आणि चाचांच्या रानात माती आहे जेमतेम तीन फूट.

बाकीची गेली कुठे? हटन यांच्याच कोड्याचे हे उत्तर. ती बनत गेली आणि वाहत गेली. शिवाय वर मातीचे जाड पांघरूण असले, की खालचा दगड आणखी सावकाश झिजतो. म्हणून आजची गती सरळ कोट्यवधी वर्षांनी गुणता येत नाही. जी तीन फूट दिसते, ती बनणे आणि वाहून जाणे यांच्या ताळमेळातून उरलेली शिल्लक आहे.

साठा आणि खर्च

ही शिल्लक समजून घ्यायला शास्त्रज्ञ जो हिशेब करतात, तो घरखर्चाच्या वहीतलाच आहे. साठा किती, रोज जाते किती? साठ्याला खर्चाने भागले की वेळ निघतो. हवेत वाफेच्या रूपाने असलेले सगळे पाणी पृथ्वीभर पसरले तर सुमारे २५ मिलिमीटरचा थर होईल. पृथ्वीवर सरासरी पाऊस वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर, म्हणजे दिवसाला पावणेतीन. भागाकार केला की उत्तर येते नऊ दिवस. हवेतले पाणी साधारण नऊ दिवसांत बदलते. समुद्रासाठी हाच हिशेब केला तर उत्तर सुमारे तीन हजार वर्षे येते. म्हणूनच हवा आज धुळीने भरली तर एका चांगल्या पावसाने स्वच्छ होते, पण समुद्रात विरघळलेले विष इतक्या लवकर निघत नाही.

आता मातीची वही उघडू. भारतातून पाण्याने होणाऱ्या धुपीचा १९८३ साली काढलेला एक अंदाज पुढे अनेक वर्षे वापरला गेला: दर हेक्टरी दरवर्षी १६.४ टन. ही देशाची सरासरी; उताराच्या रानात जास्त, बांधबंदिस्तीच्या रानात कमी. जाडीत सांगायचे तर वर्षाला एक मिलिमीटरपेक्षा थोडे अधिक. एवढे कोणाच्या डोळ्यांना दिसणार? पण वीस वर्षांत त्याचा एक इंच होतो. जो इंच तयार व्हायला शेकडो किंवा हजार वर्षे लागली, तो एका पिढीत जातो. अमेरिकेतील भूशास्त्रज्ञ डेव्हिड माँटगोमेरी यांनी २००७ साली जगभरच्या नोंदी एकत्र करून दाखवले की नांगरटीच्या शेतीत माती जाण्याचा वेग ती तयार होण्याच्या वेगापेक्षा दहा ते शंभर पट असतो.

हे झाले पावसाने नेलेल्या मातीचे. जेसीबीने नेलेल्या मातीचा हिशेब आम्ही तिथेच बांधावर बसून नातवाकडून करून घेतला. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरचा एक इंच थर म्हणजे ३,६३० घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ३६ ब्रास. एका ट्रॉलीत एक ब्रास धरला, तर एका इंचाच्या ३६ ट्रॉल्या. इंचाला हजार वर्षे, म्हणजे एका ट्रॉलीला सत्तावीस वर्षांहून अधिक. भट्टीवाल्याला एक फूट हवा होता. म्हणजे ४३५ ट्रॉल्या आणि बारा हजार वर्षे. न्यायला लागणार आठ-दहा दिवस.

चाचांनी आकडा दोनदा विचारला. मग म्हणाले, "एक ट्रॉली म्हणजे माझ्या एकराची सत्तावीस वर्षांची कमाई?"

"हो चाचा. जास्तीत जास्त वेळ धरला तर. अगदी त्याच्या पाचपट लवकर बनते म्हटले, तरी एका ट्रॉलीला पाच वर्षे."

मग गेलेल्या तुकड्याचे काय?

चाचा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्याची आम्हाला धास्ती होती. "म्हणजे तो तुकडा आता मेलाच ना?"

इथे मात्र वेळेची ही समज दिलासा देते. मातीत एकच घड्याळ चालत नाही. खडकापासून बनलेले मातीचे अंग हजारो वर्षांचे असते. तिच्यातली ताकद, म्हणजे कुजलेला पालापाचोळा, शेण आणि जीवजंतू, ही दहा-वीस वर्षांची गोष्ट आहे. आणि ओल एका हंगामाची. अंग आपल्याला बनवता येत नाही. पण ओल यंदाच धरून ठेवता येते, आणि ताकद आपल्या हयातीत बरीचशी परत आणता येते. बांध नीट करणे, उताराला आडवी पेरणी, ताग किंवा धैंचा पेरून गाडणे, दरवर्षी शेणखत, हे सगळे उपाय त्या मधल्या घड्याळाचे आहेत.

आणखी एक वाट आहे. रानातून वाहून गेलेली माती नाहीशी होत नाही. तिच्यातली बरीचशी गावतळ्यात, धरणात जाऊन बसते. तो गाळ म्हणजे आपल्याच शिवाराची वरची माती. राज्यात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून असा गाळ काढून शेतात टाकला जातो. हजार वर्षे थांबण्याऐवजी गेलेली माती उचलून परत आणायची, एवढाच त्याचा अर्थ. टाकण्याआधी गाळ तपासून घ्यावा. नुसती वाळू असेल तर उपयोग नाही.

त्या रात्री जेवताना निकाहाच्या खर्चाची गोष्ट निघाली. चाचीच आधी बोलल्या. मंडप, बँड आणि तीनशे माणसांचे जेवण यांवर जे जाणार होते, त्यातले अर्धे कमी करता येईल, असे त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. आम्ही भावंडांनीही आपापला वाटा सांगितला. तरी थोडे पैसे कमी पडतातच. चाचांनी भट्टीवाल्याला नकार कळवला नाही, पण "अजून ठरले नाही" एवढे सांगितले. आम्ही जोर केला नाही. कर्ज त्यांचे, रान त्यांचे, निर्णयही त्यांचाच.

निघायच्या दिवशी सकाळी चाचांचा नातू लोखंडी सळईचे दहा तुकडे घेऊन आला. मातीची धूप मोजायला शास्त्रज्ञ अशाच सळया वापरतात, हे आम्ही त्याला सांगितले होते. सळई उभी ठोकायची, जमिनीपासून वर किती दिसते ते मोजून लिहून ठेवायचे. माती गेली की सळई जास्त उघडी पडते. एका सळईवर विसंबून चालत नाही, म्हणून दहा, आणि त्यांची सरासरी. बांधालगत, नांगर लागणार नाही अशा जागी त्याने त्या ठोकल्या आणि वहीत पहिली नोंद केली. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत मोजायचे ठरले आहे. बारावीत जाईल तेव्हा त्याच्याकडे पाच वर्षांचा फरक असेल, बहुधा पाच-सहा मिलिमीटरचा. तो फरक मुद्दाम मोजल्याशिवाय कोणाला दिसत नाही.

मागच्या आठवड्यात चाचांचा फोन आला. गावतळ्यातल्या गाळाच्या अकरा ट्रॉल्या त्यांनी त्या हलक्या तुकड्यात टाकल्या आहेत. फोन ठेवण्याआधी ते म्हणाले, "अकरा गुणिले सत्तावीस. तुझ्या पुतण्याने आकडा भिंतीवर लिहून ठेवलाय."